दात उगवून झाले तरी न थांबणाऱ्या पेशी

ओपीजी नावाचा एक्सरे आता तालुक्याच्या गावीही निघतो. हनुवटी टेकवून उभं राहायचं, यंत्र डोक्याभोवती फिरतं आणि दोन्ही जबडे या कानापासून त्या कानापर्यंत एका पट्टीवर उलगडून समोर येतात. बहुतेक वेळा तो काढलेला असतो अक्कलदाढेच्या तक्रारीसाठी. एखाद्या एक्सरेत मात्र अक्कलदाढेच्या मागे, खालचा जबडा वळून कानाकडे चढतो तिथे, पांढऱ्या हाडाच्या जागी काळे कप्पे दिसतात. लहानमोठे, एकमेकांना खेटलेले, मधे हाडाच्या बारीक भिंती. दंतवैद्यकाची पुस्तकं याला साबणाच्या फेसासारखं चित्र म्हणतात. शेजारच्या दाढांची मुळं टोकाकडून झिजलेली असतात. रुग्णाला विचारलं तर तो सांगतो की दुखत काही नाही, गाल वर्षभरापासून जरा भरल्यासारखा वाटतो आणि एक दाढ हलते.

तुकडा काढून तपासला की पुष्कळदा नाव येतं अमेलोब्लास्टोमा. ही गाठ कॅन्सर नाही. क्वचित अपवाद सोडला तर ती फुप्फुसात, यकृतात पसरत नाही. वर्गीकरणात ती ‘सौम्य’ गाठींच्या रांगेत बसते. घरच्यांना हायसं वाटतं, आणि मग सर्जन सांगतात की जबड्याचा मोठा भाग काढावा लागेल. नुसती खरवडून काढली तर ही गाठ निम्म्याहून अधिक वेळा परत येते. म्हणून एक्सरेत दिसणाऱ्या कडेच्या पुढे एक ते दोन सेंटिमीटर निरोगी हाडही कापायचं, असा रिवाज पडला आहे. रुग्ण बहुधा तिशी-चाळिशीतला. त्याच्या पायातलं नडगीशेजारचं बारीक हाड रक्तवाहिन्यांसकट काढून त्याचा नवा जबडा घडवायचा, मग त्यात स्क्रू बसवून दात. कॅन्सर नसलेल्या गाठीसाठी एवढं!

कॅन्सर नाही तर ही गाठ इतकी हट्टी का, याचं उत्तर सर्जनच्या टेबलावर मिळण्यासारखं नव्हतं. ते मिळालं गेल्या दहा-बारा वर्षांत, आणि त्याची मुळं दात घडण्याच्या प्रक्रियेत निघाली.

गर्भाच्या सहाव्या आठवड्याच्या सुमारास, तोंडाचं अस्तर जबडा होऊ घातलेल्या मऊ ऊतीत एका पट्टीसारखं आत घुसतं. या पट्टीवर ठरावीक जागी कोंब फुटतात. प्रत्येक कोंब म्हणजे एक दात. पुढचं सगळं काम अस्तराच्या पेशी आणि खालची ऊती यांच्यातल्या देवाणघेवाणीने होतं. अस्तर एक प्रथिन सोडतं, ते खालच्या पेशींना मिळालं की त्या दाट होतात आणि उलट दुसरं प्रथिन पाठवतात. आधी हुकूम अस्तराचा चालतो, नंतर तो खालच्या ऊतीकडे जातो. उंदरांवरच्या जुन्या प्रयोगांत पुढच्या दाताचं अस्तर घेऊन त्याखाली दाढेची ऊती जोडली, तर तयार झाली दाढ. म्हणजे दाताचा आकार कोणता, हेसुद्धा या निरोपांतूनच ठरतं.

निरोप नेणारी प्रथिनं फार नाहीत. फिब्रोब्लास्ट ग्रोथ फॅक्टर, बोन मॉर्फोजेनेटिक प्रोटीन, विंट आणि हेजहॉग अशी चार घराणी. हेलसिंकीच्या इर्मा थेस्लेफ यांनी आयुष्यभर याच विषयावर काम केलं. कोंबाच्या मध्यभागी पेशींचा एक इवलासा पुंजका असतो, त्याला इनॅमल नॉट म्हणतात. त्यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं की हा पुंजका म्हणजे निरोपांचं केंद्र आहे. गंमत अशी की या पुंजक्यातल्या पेशी स्वतः विभागत नाहीत. त्या चारही घराण्यांची प्रथिनं भोवती ओततात, शेजारच्या पेशी त्यामुळे वाढतात, दाढेवरचे उंचवटे आकाराला येतात, आणि काम झालं की पुंजका ठरल्याप्रमाणे मरून जातो. निरोप द्यायचा आणि वेळेवर थांबायचं, दोन्ही तितकंच महत्त्वाचं.

इनॅमल तयार करणाऱ्या पेशींचंही तसंच. त्यांना अमेलोब्लास्ट म्हणतात. दात हिरडीतून वर येईपर्यंत त्या संपलेल्या असतात. म्हणून तर किडलेला दात स्वतःहून भरून निघत नाही. इनॅमलची दुरुस्ती करणारे कारागीरच उरलेले नसतात. पण त्या आद्य पट्टीचे सगळे अवशेष जात नाहीत. हिरडीखाली, दातांच्या मुळांभोवती त्यांचे पुंजके जन्मभर निपचित पडून असतात. मुळांभोवतीच्या पुंजक्यांना १८८५ मध्ये त्यांचं वर्णन करणाऱ्या मलासे या फ्रेंच शास्त्रज्ञाचं नाव आहे. जबड्यातल्या बऱ्याच गाठी अशा अवशेषांतूनच उगवतात असं मानलं जातं.

अमेलोब्लास्टोमाची काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की हे नातं डोळ्यांनी दिसतं. गुलाबी पार्श्वभूमीवर जांभळ्या पेशींची बेटं. प्रत्येक बेटाच्या कडेला उंच, सडपातळ पेशी दाटीवाटीने एका ओळीत उभ्या. त्यांचं केंद्रक खाली, बुडाशी असायला हवं. ते वर सरकलेलं असतं, बुडापासून लांब, आणि बुडाशी एक फिकट मोकळी पट्टी उरते. बेटाच्या आत पेशी सैल, जाळीदार. इनॅमल बनवायला सुरुवात करण्याच्या ऐन आधी खऱ्या अमेलोब्लास्टची केंद्रकं अशीच वर सरकतात. गाठीतल्या पेशी त्या टप्प्यापर्यंत येतात आणि तिथेच अडतात. पुढे जायला खालच्या ऊतीने आधी डेंटिन, म्हणजे इनॅमलखालचा दाताचा थर, तयार करून उलट निरोप द्यायला हवा असतो, आणि गाठीच्या भोवतालची ऊती तो निरोप देत नाही. इनॅमलचा कणही तयार होत नाही. पेशी मात्र वाढत राहतात.

वाढत राहा, हे पेशीला सांगतं कोण? बाहेरून आलेलं प्रथिन पेशीच्या आवरणावरच्या ग्राहकाला चिकटतं. ग्राहकाचं आतलं टोक जागं होऊन रास नावाच्या प्रथिनाला जागं करतं. रास बीरॅफला जागं करतं, बीरॅफ मेकला, मेक अर्कला. अर्क केंद्रकात शिरून विभाजनाची जनुकं चालू करतो. या साखळीला मॅप कायनेज मार्ग म्हणतात. दाराबाहेर कुणी बटण दाबलं की आत बेल वाजावी आणि बोट काढलं की थांबावी, अशी ही व्यवस्था. बीरॅफमधला एक ठरावीक बिघाड म्हणजे आत गेलेलं ते बटण अडकून बसणं. दारात कुणी नाही आणि बेल वाजतेच आहे.

हा बिघाड किती लहान असावा? बीरॅफ हे ७६६ अमिनो आम्लांचं प्रथिन आहे. त्यात ६०० व्या जागी व्हॅलीन असतं. जनुकातलं एकच अक्षर बदलून तिथे ग्लुटामिक आम्ल येतं. व्हॅलीनवर विद्युतभार नाही, ग्लुटामिक आम्लावर ऋणभार आहे. एरवी या साखळीत वरून निरोप आला की नेमक्या याच भागात ऋणभाराचे फॉस्फेट गट जोडले जातात आणि प्रथिन चालू होतं. बदललेल्या बीरॅफमध्ये तसाच भार कायमचा बसलेला असतो, त्यामुळे ते कायमचं चालू. या बदलाला ‘व्ही ६०० ई’ म्हणतात. २००२ मध्ये ब्रिटनमधल्या सँगर इन्स्टिट्यूटच्या पुढाकाराने तो अनेक कॅन्सरमध्ये, सगळ्यात ठळकपणे मेलॅनोमा या त्वचेच्या कॅन्सरमध्ये, सापडला होता. जबड्याच्या गाठीत तो शोधायचं तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही.

ते आलं बारा वर्षांनी, आणि एकदम तीन ठिकाणी. २०१४ मध्ये फिनलंडमधल्या तुर्कूचा गट, अमेरिकेतला मिशिगनचा गट आणि स्टॅनफर्डचा गट, तिघांनी स्वतंत्रपणे अमेलोब्लास्टोमात हाच बदल दाखवला. वेगवेगळ्या पाहण्यांत तो निम्म्या ते दोन तृतीयांश गाठींत निघाला. स्टॅनफर्डच्या कामात दोन गोष्टी लक्षात राहण्यासारख्या आहेत. एक, त्यांनी त्यासाठी पॅथॉलॉजी विभागात साठवलेलं जुनं नमुना-साहित्य वापरलं. आणि दुसरी, बीरॅफ बिघडलेल्या गाठी मुख्यतः खालच्या जबड्यात सापडल्या. वरच्या जबड्यातल्या गाठींत स्मूदन्ड नावाचं हेजहॉग मार्गावरचं प्रथिन बिघडलेलं होतं. दोन्ही मार्ग मिळून ८० टक्क्यांहून अधिक गाठींचा हिशोब लागला. एकाच नावाची गाठ, सूक्ष्मदर्शकाखाली दिसायला सारखी, पण वरच्या जबड्यात एक मार्ग अडकलेला आणि खालच्या जबड्यात दुसरा. दोन्ही जबड्यांचे दात गर्भात जरा वेगळ्या हुकमांखाली घडतात हे आधीपासून ठाऊक होतं. त्याचा माग गाठीपर्यंत येतो की काय, हा प्रश्न मला या सगळ्या विषयातला सर्वांत रोचक वाटतो.

इथे वाचकाच्या मनात शंका यावी. मेलॅनोमात सापडणारा बदल या गाठीत आहे, तर तिला सौम्य कसं म्हणायचं? पण आपल्या अंगावरच्या साध्या तिळांपैकी बहुतेकांत हाच व्ही ६०० ई असतो. तीळ थोडा वाढतो आणि थांबतो, कारण वाढीचा निरोप सतत येऊ लागला की पेशीतले पहारेकरी जनुकं जागी होऊन विभाजन बंद पाडतात. कॅन्सर व्हायला ते पहारेही मोडावे लागतात. अमेलोब्लास्टोमात ते मोडलेले नसतात. शिवाय जबड्यातच याहून बोलकं उदाहरण आहे. ॲडेनोमॅटॉइड ओडोंटोजेनिक ट्यूमर नावाची एक गाठ शाळा-कॉलेजच्या वयात, मुलींत जास्त, वरच्या न उगवलेल्या सुळ्याभोवती होते. तिच्यात सुमारे ७० टक्के वेळा के-रास बिघडलेलं सापडतं. हे तेच रास, बीरॅफच्या वरच्या पायरीवरचं. स्वादुपिंडाच्या भयंकर कॅन्सरमध्ये तेच बिघडलेलं असतं. आणि ही गाठ? सोलून काढली की संपली. परत येत नाही म्हटलं तरी चालेल. तेव्हा नुसत्या जनुकाचं नाव वाचून घाबरायचं कारण नाही. बिघाड कोणता, तो कुठल्या पेशीत आणि किती सोबत्यांसह, यावर सगळं अवलंबून आहे.

मग अमेलोब्लास्टोमा हाड खातो कसा? खरं तर तो खात नाही. दात उगवतानाची गोष्ट इथे आठवायला हवी. दुधाचा असो की पक्का, दात हाडाच्या आत तयार होतो आणि वर येण्यासाठी त्याला वरचं हाड हटवावं लागतं. दाताभोवतीची पिशवी रँक लायगंड नावाचं प्रथिन सोडते. ते हाडातल्या ठरावीक पेशींना जोडून मोठ्या, अनेक केंद्रकांच्या, हाड विरघळवणाऱ्या पेशी तयार करवतं. त्या वाट मोकळी करतात आणि दात वर सरकतो. या पेशी जन्मतः निकामी असलेल्या मुलांचे दात हाडातच अडकून राहतात. अमेलोब्लास्टोमाच्या पेशीही हेच रँक लायगंड सोडतात. हाड हटतं ते रुग्णाच्याच पेशींकडून, आणि मोकळ्या झालेल्या जागेत गाठ सरकते. काही बेटं तर हाडाच्या जाळीतल्या मज्जेत पुढे गेलेली असतात, जिथे हाड अजून शाबूत आहे आणि एक्सरेत काहीच दिसत नाही. एक-दोन सेंटिमीटर जास्त कापायचा रिवाज आला तो यामुळे. सर्जनचा अनुभव बरोबरच होता, त्यामागचं कारण नंतर कळलं.

आता औषधाकडे. मेलॅनोमासाठी व्ही ६०० ई रोखणारी औषधं अमेरिकेत आधीच मंजूर झाली होती: व्हेम्युराफेनिब २०११ मध्ये, डॅब्राफेनिब २०१३ मध्ये. बिघडलेल्या बीरॅफच्या खाचेत जाऊन बसायचं आणि त्याला पुढचं प्रथिन जागं करू द्यायचं नाही, एवढंच त्यांचं काम. फ्लोरिडा विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २०१५ मध्ये अनेक शस्त्रक्रियांनंतरही परतलेल्या आणि शरीरात पसरलेल्या अमेलोब्लास्टोमाच्या एका रुग्णाला डॅब्राफेनिब आणि मेक रोखणारं ट्रॅमेटिनिब अशी जोडी दिल्याचं प्रसिद्ध केलं. गाठी झपाट्याने आक्रसल्या. पुढे इस्रायलमधल्या डॉक्टरांनी वेगळा मार्ग धरला. खालच्या जबड्याच्या ११ रुग्णांना आधी गोळ्या देऊन गाठ लहान करायची, मग उरलेला भाग काढायचा, जबडा ठेवायचा. २०२४ मध्ये त्यांनी निकाल मांडले: सगळ्यांच्या गाठी लहान झाल्या, आक्रसलेल्या जागेत नवं हाड धरलं आणि बहुतेकांचा जबडा वाचला. संख्या छोटी आहे. पण ज्याला पायाचं हाड काढून जबडा बसवायचा सल्ला मिळाला आहे त्याला ती छोटी वाटणार नाही.

एकच औषध न देता जोडी का देतात, यातही साखळीची खोच आहे. निरोगी बीरॅफ असलेल्या पेशीत हीच औषधं उलटा परिणाम करतात आणि मार्ग जास्तच चेतवतात. नुसतं बीरॅफचं औषध घेणाऱ्यांच्या कातडीवर नव्या गाठी येतात त्या याच कारणाने. खालची पायरी, म्हणजे मेक, सोबत रोखली की हे टळतं. यावरून दुसरीही गोष्ट निघते. ज्याच्या गाठीत बीरॅफ धड आहे, त्याला हे औषध उपयोगाचं नाही, अपायाचंच. फिनलंडच्या गटाने हेही पाहिलं होतं की ग्राहकाला रोखणारी औषधं अमेलोब्लास्टोमाच्या काही पेशींना मानवत नाहीत, पण बीरॅफ बिघडलेल्या पेशी त्यांना जुमानत नाहीत. दारातल्या पाहुण्याला हाकलून काय उपयोग, बिघाड आतल्या बटणात आहे. तपासणीशिवाय औषध, हा विचारच इथे चालत नाही.

गोळ्या फुकटच्या नाहीत, पैशांनीही आणि शरीराच्या दृष्टीनेही. वारंवार ताप, पुरळ, कधी हृदयाच्या कामावर परिणाम. जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ही जोडी व्ही ६०० ई असलेल्या, शस्त्रक्रियेने काढता न येणाऱ्या किंवा पसरलेल्या आणि दुसरा चांगला उपाय न उरलेल्या बहुतेक घन गाठींसाठी मंजूर केली. साध्या, कापता येण्यासारख्या अमेलोब्लास्टोमासाठी शस्त्रक्रिया हाच आजही पहिला उपाय आहे. जबड्यात औषधाची पहिली जागा आहे ती फार मोठ्या, परतलेल्या किंवा लहान वयातल्या गाठींत, असं माझं मत.

दुसऱ्या मार्गाची, हेजहॉगची, कथा जास्त लांबची आहे आणि ती मेंढ्यांपासून सुरू होते. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात मेंढ्यांना एकच डोळा असलेली कोकरं होऊ लागली. चौकशीत कळलं, गाभण मेंढ्यांनी डोंगरातली रानटी लिलीसारखी एक वनस्पती गर्भधारणेच्या चौदाव्या दिवसाच्या आसपास खाल्ली की हे होतं. वनस्पतीतल्या द्रव्याला, एकडोळ्या राक्षसाच्या ग्रीक नावावरून, सायक्लोपामिन म्हटलं गेलं. तिकडे १९८० मध्ये क्रिस्टियान न्यूसलाइन-फोलहार्ड आणि एरिक विशाउस फळमाश्यांच्या अळ्यांतले बिघाड एकामागून एक नोंदवत होते. एका जनुकाच्या बिघाडाने अळीच्या अंगावर साळिंदरासारखे काटे आले, म्हणून त्याचं नाव हेजहॉग. १९९५ मध्ये दोघांना एडवर्ड लुईस यांच्यासह नोबेल मिळालं. सस्तन प्राण्यांतल्या त्याच्या भावंडाला नव्वदच्या दशकात सॉनिक हेजहॉग हे व्हिडिओ गेममधल्या पात्राचं नाव पडलं. मेंढ्यांच्या चाऱ्यातलं द्रव्य नेमका हाच मार्ग रोखतं, हे दोन धागे १९९८ च्या सुमारास जुळले; ते स्मूदन्डला धरतं हे त्यानंतर कळलं.

जबड्याशी याचा संबंध काय? १९६० मध्ये रॉबर्ट गॉर्लिन आणि रॉबर्ट गोल्ट्झ यांनी एका आनुवंशिक आजाराचं वर्णन केलं: त्वचेचे अनेक कॅन्सर, दुभंगलेल्या बरगड्या आणि जबड्यात पुन्हा पुन्हा होणाऱ्या सिस्ट. १९९६ मध्ये कारण मिळालं. पॅच्ड नावाचं जनुक. हेजहॉग नसताना पॅच्ड स्मूदन्डला दाबून धरतं. ते निकामी झालं की स्मूदन्ड मोकाट. या सिस्टना ओडोंटोजेनिक केराटोसिस्ट म्हणतात आणि त्या गॉर्लिन नसलेल्या लोकांतही होतात. सिस्टच्या अस्तराच्या पेशी भोवतालच्या ऊतीतून नीट वेगळ्या काढून तपासल्या तेव्हा अशा बहुतेकांत पॅच्ड बिघडलेलं निघालं. सिस्ट म्हणायची की गाठ, यावर जागतिक आरोग्य संघटनेचे तज्ज्ञ २००५ मध्ये गाठ म्हणाले आणि २०१७ मध्ये पुन्हा सिस्टवर आले. सिस्टला त्याचं काही नाही. ती नीट काढली नाही तर परतते.

सावळ्या कातडीच्या लोकांत गॉर्लिनचे त्वचेचे कॅन्सर कमी दिसतात. त्यामुळे आपल्याकडे हा आजार पहिल्यांदा सापडायची शक्यता असते डेंटिस्टच्या खुर्चीत, चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या ओपीजीत एकाच वेळी दोन-तीन काळ्या पोकळ्या दिसतात तेव्हा. अशा वेळी तळहातावरचे बारीक खड्डे पाहिले आणि छातीचा एक एक्सरे काढला तर घरातल्या इतरांनाही वेळेवर सावध करता येतं.

स्मूदन्ड रोखणारं व्हिस्मोडेगिब २०१२ मध्ये त्वचेच्या कॅन्सरसाठी आलं. ते घेणाऱ्या गॉर्लिनच्या रुग्णांच्या जबड्यातल्या सिस्टही लहान झाल्याचं दिसलं. पण हेजहॉगवर शरीरातली बरीच कामं चालतात. औषध घेणाऱ्यांच्या जिभेची चव जाते, केस गळतात, पोटऱ्यांत गोळे येतात, आणि गरोदर बाईने ते घ्यायचं नाही. मेंढ्यांनी ते आधीच दाखवून ठेवलं होतं. वाढत्या मुलांत ते हाडांची वाढ अकाली थांबवू शकतं. सिस्ट ऐन त्याच वयात होतात. म्हणून केराटोसिस्टसाठी या गोळ्यांचा आज फारसा उपयोग नाही, असं स्पष्ट म्हटलेलं बरं. वरच्या जबड्यातल्या अमेलोब्लास्टोमातला बिघाड बहुधा स्मूदन्डमध्येच असतो. स्टॅनफर्डच्या गटाने त्यावर प्रयोगशाळेत चालवून पाहिलं ते आर्सेनिक ट्रायऑक्साइड, म्हणजे सोमलाचंच एक रूप, जे रक्ताच्या एका कॅन्सरवर आधीपासून दिलं जातं. काचेच्या बशीत ते चाललं. रुग्णात चालणं ही पुढची गोष्ट.

या सगळ्यातलं आपल्या हाती लगेच काय येतं? औषध महाग आहे, पण निदान तितकं महाग नाही. व्ही ६०० ई ओळखणारा प्रतिपिंड गाठीच्या पातळ कापावर टाकला की बिघडलेलं प्रथिन असलेल्या पेशी तपकिरी रंगतात. कॅन्सर पाहणाऱ्या मोठ्या प्रयोगशाळांना ही चाचणी नवी नाही. अडचण तिच्याही आधीची आहे. भारतातल्या दंतमहाविद्यालयांच्या नोंदींत दातांशी निगडित गाठींमध्ये अमेलोब्लास्टोमा वरच्या क्रमांकावर असतो, तर अमेरिकेच्या नोंदींत ओडोंटोमा नावाची निरुपद्रवी गाठ. काही फरक खरा असेल. पण काही फरक असाही आहे की आपल्याकडे छोट्या गाठी आणि सिस्ट काढल्या की पुष्कळदा कचऱ्यात जातात. तपासायला जाते ती मोठी झालेली, गाल सुजवणारी गाठ. दाताची सिस्ट म्हणून काढलेल्या पिशवीच्या भिंतीत अमेलोब्लास्टोमाची सुरुवात असू शकते, आणि ते सूक्ष्मदर्शकाशिवाय कळत नाही.

म्हणून डेंटिस्टने जबड्यातून काहीही काढलं, सिस्ट, पिशवी किंवा गाठ, तर ते फॉर्मालिनच्या बाटलीत घालून तपासायला पाठवायला सांगा. रिपोर्टमध्ये अमेलोब्लास्टोमा आला तर जबडा कापायच्या आधी बीरॅफची चाचणी होईल का, हे विचारा. आणि रिपोर्टबरोबर नमुन्याचा मेणाचा ठोकळाही मागून घेऊन जपून ठेवा. कित्येक वर्षांनी गाठ परतली तरी ही चाचणी त्याच ठोकळ्यावर करता येते.